टाचणीभर चूक

आमच्या आटगावात वाकणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पावसाळ्यात विजेचे खांब वाकतात. लावणीच्या दिवसांत बायाबापड्यांच्या कमरा वाकतात. निवडणुकीच्या दिवसांत पुढारी वाकतात, आणि निकाल लागला की तेवढेच ताठ होतात. या सगळ्या वाकण्याची आम्हाला सवय आहे. पण नीट डोळ्यांना दिसतही नाही अशी एक पीन वाकावी आणि एका बऱ्यापैकी सुखी कुटुंबात पंधरा दिवस अबोला नांदावा, हा अनुभव मला नवीन होता. तो सांगावा आणि सांगता सांगता थोडं भांडावं, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. भांडण कुणाशी, ते पुढे कळेलच. तूर्त एवढंच सांगतो की आरोपींच्या यादीत अस्मादिकांचंही नाव आहे.

मी बँकेत कारकून. शिक्षण बी. कॉम., वर्ग दुसरा. कॉम्प्युटरशी माझा संबंध वीस वर्षांचा, पण तो घरमालक आणि भाडेकरू यांच्यात असतो तसला. तो चालला तर मी काम करतो आणि तो बंद पडला तर 'सर्व्हर डाऊन आहे' असं म्हणून चहाला जातो. त्याच्या पोटात काय असतं याची चौकशी मी कधी केली नाही. दुसऱ्याच्या पोटात काय आहे हे कर्ज देताना बघावं, एरवी बघू नये, ही आमची बँकेची शिकवण.

परंतु चिरंजीवांची शिकवण निराळी. बारावी झाली, कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला आणि घरात घोषणा झाली, "बाबा, कॉम्प्युटर लागेल. तयार नको. सुटे भाग आणून आपण घरी जोडायचा. पाच-सहा हजार वाचतात."

बँकेतल्या माणसाच्या कानावर 'वाचतात' हा शब्द कधी घालू नये. हिच्या पाटल्यांसाठी मी एक रिकरिंग चालवत होतो. ती मोडली. ही काही बोलली नाही. ज्या गोष्टीवर बायको काही बोलत नाही त्या गोष्टीची नोंद फार खोलवर होते, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

एका शनिवारी आम्ही बापलेक कसारा लोकलने निघालो. आटगावला आसनगाव लोकल उपयोगाची नाही, ती अलीकडेच थांबते. आम्हाला कसाराच लागते, आणि ती चुकली की माणूस फलाटावर आत्मचिंतन करतो. दादरला बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचं नाव बदलून डॉ. भडकमकर मार्ग झालं त्याला जमाना लोटला, पण तिथे जाऊन भडकमकर मार्ग कुठे असं विचारलंत तर लोक तुम्हाला दवाखाना दाखवतात. एका दुकानात प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, खोका अशी खरेदी झाली. मी स्वभावाप्रमाणे म्हटलं, "जरा उघडून दाखवा." दुकानदार माझ्याकडे असा पाहू लागला, की जणू मी साखरपुड्याच्या दिवशीच मुलीचे दात मोजायला निघालो होतो. "सीलबंद माल आहे साहेब!" चिरंजीवांनीही माझी बाही ओढली. आम्ही सीलबंद माल घेऊन निघालो. परतीच्या गाडीत चौथ्या सीटवर अर्धा टेकून, मांडीवर तो खोका तान्ह्या मुलासारखा धरून मी कल्याणपर्यंत आलो. तिथे बसायला मिळालं. खोक्याला.

रविवारी सकाळी जोडणी. हिने हळदकुंकवाची कोयरी आणली. खोक्याला कुंकू लागलं, मॉनिटरला लागलं, आणि हिचं बोट प्रोसेसरकडे वळताच चिरंजीव किंचाळला, "आई, नको! त्याच्या पोटाला हात लावायचा नाही!" ही म्हणाली, "अरे, देवालासुद्धा आम्ही हात लावतो."

आता वाचकहो, इथे थोडी तांत्रिक माहिती देणं भाग आहे. मी ती नंतर, म्हणजे पैसे गेल्यावर मिळवली. ज्ञान बहुधा त्याच वेळी मिळतं.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. आकाराने मारी बिस्किटाहून लहान. तो मदरबोर्डावरच्या एका चौकोनी खाचेत बसतो, तिला सॉकेट म्हणतात. दोघांचं बोलणं व्हायचं तर मध्ये शेकडो बारीक पिना लागतात. पूर्वी या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असत. २००४ साली इंटेलने घरच्या कॉम्प्युटरसाठी नवा सॉकेट आणला. त्यात प्रोसेसरचं पोट सपाट झालं आणि ७७५ पिना गेल्या मदरबोर्डाच्या सॉकेटात. एएमडीने बरीच वर्षं जुनी रीत धरून ठेवली. त्यांच्या २०१६ च्या एएम-४ प्रकारात प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना होत्या. पण २०२२ मध्ये एएम-५ आला आणि तिथेही १७१८ पिना बोर्डावर आल्या. इंटेलचा आकडा त्याच्या आदल्याच वर्षी १७०० वर पोचला होता.

याला तांत्रिक कारणं आहेत, आणि ती खोटी नाहीत. तेवढ्याच जागेत जास्त पिना मावतात. शिवाय जुन्या रीतीत एक भलताच धोका असे. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारा लेप असतो आणि त्यावर पंखा बसतो. हा लेप वाळून घट्ट झाला की पंखा उचलताना प्रोसेसरही त्याला चिकटून सॉकेटातून उपटून येई, आणि पिना वाकत. म्हणून जाणकार सांगत की आधी यंत्र थोडं चालवून गरम करा, मग पंखा हळूच पिळून सोडवा. नव्या रीतीत ते भय गेलं. पण मी पडलो कॉमर्सचा माणूस. मला यात एक खतावणी दिसते. पीन प्रोसेसरला होती तेव्हा ती वाकण्याची जोखीम प्रोसेसर करणाऱ्याच्या पानावर होती. पीन बोर्डावर आली आणि जोखीम बोर्ड करणाऱ्याच्या पानावर गेली. नोंद या पानावरून त्या पानावर झाली, रक्कम तीच राहिली. आणि ताळेबंदाच्या तळाशी बारीक अक्षरात 'संभाव्य देणी' म्हणून जे लिहिलेलं असतं, तिथे दोघांनीही एकमताने एकच नाव घातलं. गिऱ्हाइकाचं.

असो. चिरंजीवांनी सॉकेटावरची दांडी उचलली. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर एक चिमुकला त्रिकोण असतो, तो सॉकेटावरच्या खुणेशी जुळवायचा, आणि प्रोसेसर वरून नुसता ठेवायचा. दाबायचा नाही, ढकलायचा नाही, तो आपल्या वजनाने बसला पाहिजे. हे सगळं मुलगा मला समजावून सांगत होता. मग दांडी खाली ओढायची वेळ आली. ती ओढताना कच्च असा आवाज झाला, की माझ्या दाढा शिवशिवल्या. मी ओरडलो, "अरे, जपून!" तो म्हणाला, "बाबा, असाच आवाज येतो." आणि हे खरं आहे, तो तसाच येतो. पण मला सांगा, आधीच्या पानावर 'अजिबात जोर लावू नका' आणि पुढच्या पानावर 'चांगला जोर लावा' असं सांगणारी पुस्तिका नवख्याने वाचावी तरी कशी? आमच्याकडे रुखवतातल्या यंत्राबरोबर जी पुस्तिका येते तीत निदान मराठीतली चार वाक्यं असतात, चुकीची का होईनात. या पुस्तिकेत कितीतरी भाषा होत्या. मराठी नव्हती.

यंत्र सुरू झालं. दिवे लागले, पंखे फिरले, हिने साखर वाटली. आणि मग कळलं की सोळाची मेमरी घातली होती, ती आठच दिसते आहे.

कॅशमधल्या माणसाला याहून भयंकर वाक्य कोणतं असेल? सोळा भरले, खात्यात आठच जमा! मेमरीच्या पट्ट्या इकडच्या तिकडे करून पाहिल्या. पट्ट्या ठीक होत्या. तेव्हा प्रोसेसर पुन्हा काढला, भिंग आणि बॅटरी घेऊन आम्ही दोघे सॉकेटावर ओणवे झालो, आणि मुलाला ते दिसलं. शेताच्या बांधावरून गव्हाच्या ओळी पाहाव्यात तशा पिना सरळ रेषेत उभ्या होत्या. एका कोपऱ्यात मात्र तिघी माना टाकून पडल्या होत्या.

"तू वाकवल्यास," मी म्हणालो.

"नाही बाबा. मी नुसता ठेवला."

"मग काय माझ्या बापाने वाकवल्या?"

माझे वडील १९९८ साली गेले. हे वाक्य बोलायला नको होतं. मुलाचा चेहरा पडला. तो तीन वेळा म्हणाला की मी हळूच ठेवला होता, चौथ्यांदा मात्र म्हणाला, "माझ्याच हातून झालं असेल." आणि उठून गेला. अबोला त्या क्षणी सुरू झाला.

सोमवारी कॅज्युअल लीव्ह टाकून मी बोर्ड घेऊन दुकानात. दुकानदाराने मोबाइलच्या उजेडात एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "पिन बेंड है, साब. फिजिकल डॅमेज. वॉरंटी में नहीं आयेगा."

"पण तीन वर्षांची वॉरंटी आहे ना?"

"वो है. पिन की नहीं है."

"मग पिना आधीच वाकलेल्या असल्या तर?"

"तो आपने लेते टाइम देखना चाहिए था."

"मी बघायला मागितलं तेव्हा तुम्ही सीलबंद माल म्हणालात!"

त्यावर तो हसला. चांगला माणूस होता, चहाही पाजला. त्याचं म्हणणं असं की त्याला वितरक असंच सांगतो आणि वितरकाला कंपनी असंच सांगते. सॉकेटावर एक प्लास्टिकची टोपी येते, ती आहे का, असंही त्याने विचारलं. काही कंपन्या ती टोपी परत लावून आणल्याशिवाय बोर्ड दुरुस्तीला घेतसुद्धा नाहीत. आमची टोपी रविवारीच केरात गेली होती. दुकानातून मात्र एक टोपी मला घालून पाठवली होती, ती काही केल्या निघेना.

परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. सील फोडल्याशिवाय पीन दिसत नाही, आणि सील फोडलं की पीन कुणी वाकवली ते सांगता येत नाही. म्हणजे निर्दोष ठरण्याची संधी गिऱ्हाइकाला कुठल्या घटकेला मिळते? कुठल्याच नाही. पीन कारखान्यात वाकली असेल, बोटीत वाकली असेल, गोदामात, दुकानात किंवा माझ्या मांडीवर वाकली असेल. यातलं काहीच सिद्ध होत नाही. मग जे सिद्ध होत नाही त्याचे पैसे कुणी द्यायचे? उत्तर ठरलेलं आहे. रांगेत जो शेवटी उभा आहे त्याने.

आमच्या शहापूर तालुक्याला हा हिशेब नवा नाही. तानसा आमच्याकडे, भातसा आमच्याकडे. पाणी उताराने मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात टंचाई मात्र चढ चढून आमच्या पाड्यांवर येते, टँकरच्या मागोमाग. फायदा आणि तोटा यांचे उतार निरनिराळ्या दिशांना असतात, हे आम्ही विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर शिकलो.

कंपन्यांची बाजू मी समजू शकतो. उद्या प्रत्येक गिऱ्हाइकाने स्वतः पिना वाकवायच्या आणि नवा बोर्ड मागायचा, तर धंदा बुडेल. असे लोक असतात. बँकेच्या काउंटरमागे बसून मी त्यांना रोज पाहतो. पण काही लोक लबाड आहेत म्हणून सगळ्यांनाच दोषी धरणं हा न्याय नव्हे, तो आळस आहे. आणि ही गोष्ट अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये, कारण पिनांच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे.

मी २००० साली बँकेत लागलो तेव्हा नोटांच्या पुडक्यांना पिना मारलेल्या असत. त्या उपसताना कॅशियरची बोटं रक्ताळत, नोटांना भोकं पडत, आणि भोक पडलेली नोट घ्यायची कुणी यावर काउंटरवर तंटे होत. दोष नेहमी नोट हातात असलेल्याचा! नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मान काढलं की नोटांना पिना मारणं बंद, कागदी पट्टी बांधा. गिऱ्हाइकांनी पीन जपून काढावी, असं परिपत्रक काढलं नाही. जो पीन मारत होता त्यालाच ती मारायची बंदी केली. त्या दिवशी आमच्या हेडकॅशियरनी उपसणी कपाटात ठेवली आणि बोटाची पट्टी सोडली. बँक बुडाली नाही.

दुसरी पीन म्हणजे चार आकडी. कार्डावरून परस्पर पैसे गेले तर पूर्वी आम्ही गिऱ्हाइकालाच म्हणत असू, "तुम्हीच कुणाला तरी पीन सांगितली असेल." जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यावरही परिपत्रक काढलं. गिऱ्हाइकाने स्वतःच आपली पीन कुणाला दिली असेल, तर कळवीपर्यंतचं नुकसान त्याचं. पण त्याचा हलगर्जीपणा होता हे सिद्ध करायचं कुणी? तर बँकेने. या एका वाक्याने आमची किती दमछाक झाली ते मी जाणतो. तरी ते वाक्य योग्य होतं. ज्याच्याकडे कागद, कॅमेरे आणि यंत्रं आहेत त्याने सिद्ध करावं. रिकाम्या हाताने आलेल्याने काय सिद्ध करायचं?

मग मला सांगा, जे चार आकडी पिनेला जमलं ते सतराशे पिनांना का जमू नये? माझ्या मागण्या काही क्रांतिकारक नाहीत. मी मोर्चा काढणारा माणूस नव्हे, मला कॅज्युअल लीव्ह शिल्लक नाही. विकताना दुकानदाराने गिऱ्हाइकासमोर टोपी काढावी, दोघांनी भिंगातून सॉकेट पाहावा आणि बिलावर 'पिना सरळ' असं लिहून दोघांनी सही करावी. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर पीन वाकली तर ती माझी, मी निमूट पैसे भरीन. बिलावर ते दोन शब्द नसतील तर पीन त्यांची. नवख्याला प्रोसेसर बसवून हवा असेल तर दोनशे रुपये घेऊन तिथेच बसवून द्यावा. आणि तीन पिना वाकल्या म्हणून अख्खा बोर्ड टाकायला सांगू नये, त्या सरळ करून देण्याचा दर लावावा. धोतराला भोक पडलं तर आमचे आजोबा रफू करून घेत, सासऱ्याकडे नवीन धोतर मागायला जात नसत.

आता त्या तीन पिनांचं काय झालं ते सांगतो. ग्राहक आयोगाकडे जावं असं एकदा मनात आलं. पण माल सदोष होता हे तिथेही मलाच दाखवावं लागलं असतं, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त मुलाचा शब्द होता. तो तर मी घरातच नाकारला होता.

पंधराव्या दिवशी शहापुरात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराच्या टपरीवर गेलो. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक होतं. त्याने श्वास रोखून, सुईच्या टोकाने, एकेक पीन अशी उठवली की आजारी माणसाला उशीला टेकवून बसवावं. वीस मिनिटं लागली. चारशे रुपये घेतले. मी विचारलं, "बाबा रे, या कशा वाकल्या असतील? पोराच्या हातून की आधीच?"

तो हसून म्हणाला, "साहेब, पीन काय बोलते का?"

घरी आलो. बोर्ड बसवला, दांडी ओढली, कच्च आवाज झाला. सोळाची मेमरी सोळा दिसली. चिरंजीवांनी पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्याची माफी मागायची असं मी एसटीत ठरवून आलो होतो. वाक्यही तयार होतं. पण आमच्या पिढीच्या बापांची ती पीन जन्मतःच वाकडी. मी म्हणालो, "चहा घेणार का?" तो म्हणाला, "घेतो." ही आतून म्हणाली, "मी करते. आज तुम्ही दोघं नुसते बसा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की कंपनीने वितरकाला जे सांगितलं, वितरकाने दुकानदाराला आणि दुकानदाराने मला, तेच मी शब्दशः मुलाला सांगितलं होतं. फरक एवढाच की त्याला पुढे सांगायला कुणी नव्हतं. म्हणून त्याने ते आपल्यापाशीच ठेवलं, आणि न केलेली चूक कबूल करून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. माझ्या काउंटरच्या काचेवर पाटी आहे: 'काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत. नंतर तक्रार चालणार नाही.' वीसएक वर्षं मी या पाटीच्या आडोशाने बसलो आहे. पेन्शन न्यायला पाड्यावरून येणाऱ्या म्हाताऱ्यांना ती वाचता येत नाही, आणि मोजताही येत नाही. कुणी परत येऊन "शंभर कमी हाये रं" म्हणाली की मी बोटाने पाटी दाखवत असे. मुंबईच्या दुकानदाराइतकंच गोड हसून.

त्या दिवशी एक आजी आल्या. पैसे उचलून कनवटीला लावायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा आजी. इथंच मोजू आपण दोघं." मी एकेक नोट ठेवत गेलो, त्या एकेक बोट मिटत गेल्या. मागे रांग वाढली, कुरकुर सुरू झाली. शेवटी मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले आणि विचारते झाले, "काय चाललंय एवढा वेळ?"

मी म्हटलं, "काही नाही साहेब, पिना तपासतोय."